रेव्हरंड स्टीफन हेल्स : रक्ताचा दाब प्रथम मोजणारा पाळक

जखम डोळ्यांस दिसते, ताप हातास लागतो; परंतु वाढलेला रक्ताचा दाब बहुधा कांहींच चिन्ह न दाखवितां हृदय, मेंदू व मूत्रपिंडें यांस अपाय करितो. हा अदृश्य दाब मोजतां येतो हें ज्यानें प्रथम दाखविलें तो पुरुष वैद्य नव्हता. एका लहान गांवच्या मंडळीचा तो पाळक होता.

स्टीफन हेल्स यांचा जन्म इंग्लंडांतील केंट परगण्यांत १७ सप्टेंबर १६७७ रोजीं झाला. केंब्रिज येथें धर्मशास्त्राबरोबर सृष्टिशास्त्राचीही त्यांस गोडी लागली. १७०९ सालीं थेम्स नदीकांठच्या टेडिंग्टन गांवीं त्यांची नेमणूक झाली, व मरेपर्यंत त्यांनीं ती मंडळी सोडिली नाहीं. १७२० त त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षीं पत्नी वारली. मूलबाळ नव्हतें.

शरीरांत रक्त किती जोरानें वाहतें, हें जाणण्याची त्यांस उत्कंठा होती. निकामी ठरून मारली जाणार असलेली एक घोडी त्यांनीं जमिनीवर बांधविली, तिच्या मांडीच्या धमनींत पितळेची नळी घातली व तीस ९ फूट उंचीची कांचेची नळी जोडिली. रक्त ८ फूट ३ इंच वर चढलें, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशीं तें खालींवर होऊं लागलें. मेलेल्या जनावरांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यांत मेण ओतून एका ठोक्यास किती रक्त बाहेर पडत असावें, याचाही त्यांनीं हिशेब केला. हे प्रयोग १७३३ त ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले.

हें ज्ञान मुक्या प्राण्यांच्या वेदनेनें विकत घेतलेलें होतें. त्यांचे शेजारी व स्नेही कवि अलेक्झांडर पोप यांस हे प्रयोग मुळींच आवडत नसत. खुद्द हेल्स यांसही ही चिरफाड नकोशी वाटे. म्हणून कांहीं वर्षें तें काम सोडून ते वनस्पतींतील रसाच्या अभ्यासाकडे वळले होते.

मनुष्यांविषयीं त्यांची कळकळ कृतींत दिसली. १७३४ त त्यांनीं ब्रँडी पिणाऱ्यांस सावध करणारी पुस्तिका लिहिली. जहाजें, तुरुंग व इस्पितळें यांतील कोंदट हवा बाहेर काढण्याचें यंत्र त्यांनीं तयार केलें. आपल्या गांवास चांगलें पाणी मिळावें म्हणूनही ते झटले. ४ जानेवारी १७६१ रोजीं, वयाच्या ८३ व्या वर्षीं, ते निवर्तले. टेडिंग्टनच्या उपासनामंदिराच्या मनोऱ्याखालीं त्यांस पुरिलें आहे.

पुढें १८९६ त इटलींतील रिवा-रोची यांनीं दंडास बांधावयाच्या पट्ट्याचें साधन केलें, व १९०५ त रशियांतील कोरोत्कोव्ह यांनीं धमनीचा आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आंकडे घेण्याची रीत दाखविली. आतां धमनी उघडावी लागत नाहीं. दोन मिनिटांत दाब कळतो. निरनिराळ्या दिवशीं तो १४०/९० किंवा अधिक भरला, तर वैद्याचा सल्ला घ्यावा.

प्रिय वाचकहो, ज्या ज्ञानासाठीं एवढें मोल पडलें तें आपण वायां घालवूं नये. दुखत नाहीं म्हणून मोजणें टाळूं नका. दिवसाचें सारें मीठ एका लहान चमच्याच्या आंत ठेवा; लोणचें व पापड यांतील मीठही त्यांतच धरा. तंबाखू व दारू सोडा. बरें वाटतें म्हणून औषध आपल्या मनानें बंद करूं नका. आणि जो उपदेशक घरोघर फिरतो, त्यानें प्रार्थनेनंतर वडील माणसांस एवढें अवश्य विचारावें, कीं आपला दाब शेवटीं केव्हां मोजिला?