हेडमास्तरांचे पाणी

नांदेडहून लातूरकडे निघाले की लोहा लागते. हा बालाघाटच्या रांगांतला उंच, खडकाळ मुलूख. गोदावरी येथून फार दूर नाही. पण नदी खाली आणि शिवार वर. उशाशी गंगा असून घसा कोरडा, अशी या पठाराची पिढ्यान्‌पिढ्यांची गत. शेजारच्या कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग सागर आहे. येथे राज्य करायचे तर आधी पाणी अडवले पाहिजे, हे हजार वर्षांपूर्वीच्या राजांनाही उमगले होते. लोकशाहीत हीच खूणगाठ बांधून राजकारण करणारा माणूस मराठवाड्याला लाभला तो शंकरराव चव्हाणांच्या रूपाने. २६ फेब्रुवारी २००४ रोजी ते गेले. आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, तेव्हा भक्ती आणि राग दोन्ही बाजूला ठेवून त्यांच्याकडे पाहता येईल.

१४ जुलै १९२० रोजी पैठणला त्यांचा जन्म झाला. कायद्याचे शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. वकिलीत बस्तान बसवायच्या वयात ते स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेला ओ देऊन हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मात्र मतदारांनी त्यांना घरी बसवले. पुढे ते नांदेडचे नगराध्यक्ष झाले आणि १९५७ मध्ये विधानसभेत पोहोचले. आधी धर्माबाद, नंतर भोकर, असे १९८० मध्ये लोकसभेत जाईपर्यंत ते विधानसभेत राहिले.

इतक्या वर्षांत आमदार बदल्या करतो, नोकऱ्या लावतो, लग्नाला हजेरी लावतो. शंकररावांना यातले काहीच फारसे जमले नाही. त्यांचा स्वभाव तुटक. काम नियमात बसत नसेल तर तोंडावर नाही म्हणायचे, वेळ पाळायची आणि पाळायला लावायची. म्हणून लोकांनी त्यांना हेडमास्तर हे नाव दिले. त्यात कौतुक होते तितकीच कुरकुरही होती.

महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे आली. पुष्कळांना हे खाते म्हणजे कंत्राटदारांची वर्दळ वाटते. शंकररावांनी ते अभ्यासाचा विषय म्हणून घेतले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणच्या धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले, तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. मूळ योजना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची होती. धरण वर पैठणला सरकले, नाव मात्र जायकवाडीच राहिले. साठवण सुमारे १०२ टीएमसी. त्यासाठी शंभराहून अधिक गावांना झळ पोहोचली, हेही त्याच खात्यावर नावे मांडले पाहिजे.

पण माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम धरणाच्या भिंतीत दिसत नाही, ते एका करारात आहे. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात गोदावरीच्या पाण्याबाबत समझोता झाला. पैठणपर्यंतचे पाणी महाराष्ट्राचे ठरले आणि पैठणच्या खाली पोचमपाडपर्यंतच्या खोऱ्यात नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीची मुभा मिळाली. साठच का, असे आज विचारता येते, आणि विचारावेही. तरीही विष्णुपुरीची उपसा योजना आणि लोह्याजवळचे लिंबोटीचे धरण या हक्काच्या आधारावर उभे आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लोहा तेव्हा कंधार मतदारसंघात होते आणि कंधारने अनेकदा शेतकरी कामगार पक्षाच्या भाई केशवराव धोंडगे यांना निवडून दिले. म्हणजे हा शंकररावांच्या हक्काच्या मतांचा मुलूख नव्हता. तरी गोदावरीचे पाणी चढावर नेण्याच्या योजनेत तो आला.

बँकेत असताना पीककर्जाच्या अर्जाबरोबर सात-बारा माझ्या टेबलावर येई. जमीन जिरायत की बागायत, या एका शब्दावर एकरी कर्जाची रक्कम ठरे. तोच शेतकरी, तीच काळी माती; पण एका शब्दाने त्याची पत बदलत असे. पाणी म्हणजे पत, हे मला तिथे कळले, आणि शंकररावांच्या हट्टाचा अर्थही.

त्यांच्या कारकिर्दीवर सावल्याही आहेत. पहिले मुख्यमंत्रिपद जवळजवळ सगळे आणीबाणीत गेले. ती शिस्त आणि ती दडपशाही वेगळी काढणे सोपे नाही. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत मशीद पडली तेव्हा देशाचे गृहमंत्री तेच होते.

१९८६ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. शून्याधारित अर्थसंकल्प आणि आठमाही सिंचन या त्या काळातल्या दोन गोष्टी. कालव्याचे पाणी खरीप आणि रब्बीला द्यावे, बारमाही उसाने ते एकट्याने पिऊ नये, म्हणजे जास्त शेतांना ओल मिळेल, हा आठमाहीचा साधा हिशेब. ऊसपट्ट्याला तो रुचला नाही. जून १९८८ मध्ये शंकरराव दिल्लीला गेले आणि ऊस वाढतच राहिला. पुढे तो जायकवाडीच्या कालव्यांवरही चढला. तेव्हा दोष केवळ पश्चिम महाराष्ट्राला देऊन आपण मराठवाडेकर मोकळे होऊ शकत नाही.

वरच्या धरणांनी नाथसागराचे पाणी तोडले, ही तक्रार खरीच आहे. समन्यायी वाटपासाठी २००५ चा कायदा, २०१४ चा प्राधिकरणाचा आदेश आणि २०१६ चा उच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. पण वरच्याने खालच्याचा विचार करावा, हे मागताना आपल्याच कालव्याच्या मुखाशी बसलेल्याने शेवटच्या शेताचा विचार केला का? विष्णुपुरीच्या पाण्यावर नांदेड शहराची तहान आणि चढावरच्या शिवाराची तहान दोन्ही अवलंबून आहेत, आणि टंचाईत मागे सरते ते शिवारच.

शंकररावांचे नाव विष्णुपुरी प्रकल्पाला आहे, तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला आहे. नावे पुष्कळ झाली. शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याच्या सात-बारावर बागायत हा शब्द लिहिला जाईपर्यंत त्यांचे काम अपुरेच समजावे लागेल. आणि तिथवर पाणी न्यायला आता नवे धरण नको. उसाला नाही म्हणू शकेल असा एखादा तुटक हेडमास्तर हवा.