बाया कर्वे : दुसऱ्या संसाराची हिंमत

रमजानमध्ये हजरत खदीजा यांची आठवण निघतेच. त्या विधवा होत्या आणि पैगंबरांना निकाहाचा प्रस्ताव त्यांनीच पाठवला होता. तोच हक्क बजावताना पुण्यात एका विधवेला बहिष्कार सोसावा लागला.

देवरुखच्या गोदूबाई जोशींचे लग्न आठव्या वर्षी झाले आणि तीन महिन्यांत वैधव्य आले. पुढे त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या. भावाचे मित्र, विधुर प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा पुनर्विवाह झाला. कर्व्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार घातला, पण दोघे डगमगले नाहीत. गोदूबाईंच्या आता आनंदीबाई, सर्वांच्या बाया झाल्या. विधवांच्या आश्रमासाठी त्यांनी वर्गण्या गोळा केल्या. १९५० मध्ये त्या गेल्या, तेव्हा या संसाराला ५७ वर्षे झाली होती.