कलबूत आणि कातडे : यान मात्झेलिगर यांचे अल्पायुषी कर्तृत्व

चामड्याचे चांगले बूट विकत घेताना आपण कातड्याचा पोत पाहतो, तळ चाचपतो आणि किमतीची चिठ्ठी वाचून क्षणभर थबकतो. बूट पायात नीट बसेल की नाही, हे मात्र ज्या एका कामावर ठरते त्याचा विचार सहसा मनात येत नाही. पावलाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, म्हणजे आपल्याकडचे मोची ज्याला कलबूत किंवा फर्मा म्हणतात तो, समोर घ्यायचा. त्यावर शिवलेले कातडे चढवायचे, चवड्याकडे आणि टाचेकडे ते ताणायचे, बोटांपाशी जमणाऱ्या चुण्या एकसारख्या दुमडायच्या आणि बारीक खिळ्यांनी सगळे खाली पक्के करायचे. इंग्रजीत ठोकळ्याला लास्ट आणि ह्या कामाला लास्टिंग म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत ते हातानेच होत असे, आणि यंत्राला ते साधणार नाही असे ह्या धंद्यातले जाणकार ठामपणे मानत. ही समजूत मोडून काढणारा कारागीर बॉस्टनजवळच्या लिन शहरात वयाच्या सदतिसाव्या वर्षात क्षयाने मरण पावला. यान अर्न्स्ट मात्झेलिगर हे त्याचे नाव.

मात्झेलिगर यांचा जन्म १५ सप्टेंबर १८५२ रोजी पारामारिबो येथे झाला. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचे हे शहर तेव्हा डच गयानाची, म्हणजे आजच्या सुरिनामची, राजधानी होते. वडील डच अभियंता, आई आफ्रिकी वंशाची. उसाच्या मळ्यांवर उभ्या असलेल्या त्या वसाहतीत गुलामगिरी कायद्याने संपली ती १ जुलै १८६३ रोजी. म्हणजे यानच्या आयुष्याची पहिली जवळजवळ अकरा वर्षे गुलामगिरीच्या छायेतल्या समाजात गेली. दहाव्या वर्षी तो वडिलांच्या देखरेखीखालील सरकारी यंत्रशाळेत काम शिकू लागला. चाके, दाते, तरफा यांची भाषा त्याला तेथे अवगत झाली, आणि पुढे परक्या देशात इंग्रजी अडखळत बोलावी लागली तेव्हा हीच भाषा त्याच्या उपयोगी पडली.

१८७१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याने व्यापारी जहाजावर नोकरी धरली आणि मायभूमी सोडली. नंतर दोनच वर्षांनी, ५ जून १८७३ रोजी, लल्ला रूख हे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध भारतीय मजुरांना घेऊन पारामारिबोला लागले आणि सुरिनाममधील भारतीय वस्तीचा इतिहास सुरू झाला. मुक्त झालेल्या गुलामांच्या जागी मळ्यांना हात हवे होते, म्हणून ते मजूर आणले गेले. एकाच बंदरातून एक तरुण बाहेर पडत होता आणि शेकडो अनोळखी माणसे आत येत होती. परदेशात स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

दोन वर्षे समुद्रावर काढून मात्झेलिगर १८७३ च्या सुमारास फिलाडेल्फियाला उतरले. डच ही त्यांची बोलीभाषा, इंग्रजी तुटपुंजी, रंग काळा. यंत्रकामातले कसब असूनही मनाजोगते काम मिळणे अवघड होते. मिळेल ते काम करत असतानाच पादत्राणांच्या धंद्याशी त्यांची ओळख झाली. ह्या धंद्यात पुढे जायचे तर लिनला जायला हवे, हे कळल्यावर १८७७ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्सची वाट धरली.

बॉस्टनच्या ईशान्येस दहा मैलांवर असलेले लिन तेव्हा अमेरिकेतील पादत्राणांची मोठी पेठ होते. १८६० च्या हिवाळ्यात तेथील चर्मकामगारांनी पुकारलेला संप देशभर गाजला होता. मात्झेलिगर आले तोवर ह्या धंद्यातली बहुतेक कामे यंत्रांनी उचलली होती. वरच्या भागाचे कातडे यंत्रावर शिवले जाई, आणि लायमन ब्लेक यांनी शोधलेल्या व मॅके यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रावर तळ शिवला जाई. मात्झेलिगर एका कारखान्यात ह्या दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर कामाला लागले.

सगळी गाडी अडत होती ती मधल्या टप्प्यावर. शिवलेले वरचे भाग भराभर तयार होत आणि कलबुतावर कातडे ओढणाऱ्या कारागिरांपुढे त्यांचा ढीग साचे. एक तरबेज कारागीर दहा तासांच्या दिवसात सुमारे ५० जोड उरकत असे. त्यांच्यावाचून कारखाना चालत नसल्यामुळे त्यांना मजुरी चांगली मिळे, त्यांची संघटना भक्कम होती आणि त्यांनी हात आखडला की मालकही नमत. त्यांचा अभिमान पोकळ नव्हता. प्रत्येक कातडे निराळे ताणले जाते. पाठीकडचे घट्ट, पोटाकडचे सैल. किती ओढले म्हणजे चुणी मोडेल आणि किती ओढले म्हणजे कातडे फाटेल, हे बोटांनाच उमगते. बोटांचे हे ज्ञान लोखंडात उतरवू पाहणारे आधीचे प्रयत्न फसले होते.

मात्झेलिगर यांनी प्रथम त्या बोटांचा अभ्यास केला. दिवसा यंत्रावर काम करताना ते शेजारच्या कारागिरांचे हात न्याहाळत. पकड कशी वळते, अंगठा कुठे दाबतो, खिळा कोणत्या क्षणी बसतो, हे मनात टिपून घेत. संध्याकाळी इंग्रजी आणि यंत्रशास्त्र यांचे वाचन चाले. रात्री भाड्याच्या खोलीत सिगारच्या रिकाम्या खोक्यांची लाकडे, तारा आणि खिळे जुळवून ते नमुना घडवीत. हे सगळे गुपचूप चालले होते, कारण ज्यांचे हात ते पाहत होते त्यांच्याच पोटावर हे यंत्र येणार होते. सहा महिन्यांत पहिला ओबडधोबड नमुना उभा राहिला. त्यासाठी त्यांना ५० डॉलर देऊ करण्यात आले. त्यांनी नकार दिला. सुधारलेल्या दुसऱ्या नमुन्यासाठी १,५०० डॉलर समोर आले. साध्या कामगाराच्या दृष्टीने ही रक्कम फार मोठी होती. तीही त्यांनी नाकारली आणि अर्धपोटी राहून काम पुढे नेले.

पण खरे यंत्र लोखंडाचे हवे होते आणि त्यासाठी लागणारे भांडवल त्यांच्यापाशी नव्हते. चार्ल्स डेल्नो आणि मेल्व्हिल निकल्स हे दोघे पैसे घालायला तयार झाले. मोबदला म्हणून शोधाच्या मालकीचा दोन तृतीयांश वाटा त्यांच्याकडे गेला. स्वतःच्या बुद्धीचे फळ ज्याचे त्याला फक्त एक तृतीयांश उरले. आज नव्या उद्योगांना भांडवल उभे करताना आपल्यापैकी अनेकांना हे गणित ओळखीचे वाटेल. फरक इतकाच, की मात्झेलिगर यांच्यापुढे दुसरे दारच उघडे नव्हते.

एकस्वासाठी पाठवलेली रेखाचित्रे इतकी गुंतागुंतीची होती, की असे यंत्र खरोखर चालते यावर विश्वास बसेना, आणि खात्री करून घेण्यासाठी एकस्व कार्यालयाने आपला माणूस लिनला धाडला, असे सांगतात. २० मार्च १८८३ रोजी २७४,२०७ क्रमांकाचे एकस्व त्यांना मिळाले. २९ मे १८८५ रोजी कारखान्यात झालेल्या चाचणीत यंत्राने स्त्रियांच्या बुटांचे ७५ जोड सफाईने पुरे केले. पुढे सुधारलेली यंत्रे दिवसाला १५० पासून ७०० पर्यंत जोड काढू लागली. यंत्र कलबूत धरून ठेवी, पकडीने कातडे खाली ओढी, चुण्या बसवी, खिळा ठोके आणि मिनिटभरात तयार जोडा सोडून देई. पादत्राणांच्या किमती पुढील काळात जवळजवळ निम्म्यावर आल्या असे मानले जाते. ज्या घरांत चांगले बूट ही चैन होती, तेथे ते रोजच्या वापरात आले.

ह्या यशाला दोन कडू बाजू आहेत. पहिली कारागिरांची. त्यांचे कसब यंत्राने उचलले आणि त्याबरोबर मालकाशी बरोबरीने बोलण्याची त्यांची ताकदही ओसरली. यंत्राला त्यांनी शोधकाच्या वर्णावरून एक हीन टोपणनाव दिले आणि ते धंद्यात बराच काळ टिकले. दुसरी बाजू खुद्द मात्झेलिगर यांची. लिनमध्ये आल्यावर त्यांनी एकामागून एक तीन पंथांच्या चर्चची दारे ठोठावली. काळा म्हणून तिन्ही ठिकाणी त्यांना सामावून घेतले गेले नाही. अखेर नॉर्थ काँग्रिगेशनल चर्चच्या तरुण मंडळींनी त्यांना आपलेसे केले. तेथे त्यांना मित्र मिळाले, आणि फावल्या वेळात रंगवलेली चित्रे ते ह्या मित्रांना भेट देत.

उपासमार आणि जागरणे यांनी शरीर आधीच पोखरले होते. १८८६ मध्ये जडलेल्या सर्दीचे पर्यवसान क्षयात झाले. अंथरुणावरूनही ते यंत्रातील सुधारणांवर काम करत राहिले; त्यांच्या नावावरच्या पाच एकस्वांपैकी चार त्यांच्या मृत्यूनंतर मंजूर झाली. २४ ऑगस्ट १८८९ रोजी लिनमध्ये त्यांचे निधन झाले. सदतिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. १८९९ मध्ये ह्या यंत्राची मालकी असलेली कंपनी इतर कंपन्यांबरोबर युनायटेड शू मशिनरी ह्या बलाढ्य उद्योगात विलीन झाली. यंत्रे न विकता भाड्याने देणाऱ्या ह्या उद्योगाने अमेरिकेच्या पादत्राण व्यवसायावर इतकी पकड बसवली, की मक्तेदारीविरोधी कायद्याखाली सरकारला त्याच्याशी अनेक वर्षे झगडावे लागले.

मात्झेलिगर यांनी ज्या कामासाठी आयुष्य वेचले, त्याची खूण दुकानातल्या बुटावर आजही ओळखता येते. जोडी हातात घेऊन मागून पाहावी. टाचेवरची शिवण सरळ उभी असावी आणि दोन्ही बुटांत सारखी असावी. चवड्यावरचे कातडे कुठे सैल, कुठे फार ताणलेले नसावे. पुढच्या टोकावर वेड्यावाकड्या चुण्या दिसल्या, तर कातडे कलबुतावर घाईने ओढले गेले असे समजावे. ओढलेले कातडे कलबुतावर पुरेसा काळ राहिले, तरच आकार धरते. महाग आणि स्वस्त बुटांतला बराचसा फरक ह्या वेळेचाच असतो.

मापाचेही रहस्य कलबुतातच आहे. एकाच क्रमांकाचे दोन बूट निराळे बसतात, कारण त्यांची कलबुते निराळी असतात. शिवाय भारतात आपण बहुधा ब्रिटिश क्रमांक वापरत आलो. अमेरिकेत पुरुषांच्या बुटांचा क्रमांक त्याहून अर्ध्या ते एका अंकाने पुढे असतो आणि रुंदीसाठी वेगळी अक्षरे असतात. म्हणून जुन्या क्रमांकावर विसंबू नये. संध्याकाळी, पावले किंचित सुजलेली असताना, बुटात घालणार तेच मोजे घालून, उभे राहून दोन्ही पावले मोजून घ्यावीत आणि मोठ्या पावलाचे माप धरावे. पावलाचा सर्वांत रुंद भाग बुटाच्या सर्वांत रुंद भागाशी जुळला पाहिजे. बोटांना पुढे मोकळीक हवी. नव्या बुटात टाच थोडी उचलली गेली तरी चालते, पण बाजूने आवळणारा बूट पुढे सैल होईल ह्या आशेवर घेऊ नये.

निगा राखणे म्हणजे कलबुताने दिलेला आकार जपणे. बूट काढल्यावर आत देवदाराचे लाकडी साचे घालावेत. ते घाम शोषतात आणि कातडे ताठ ठेवतात. तोच जोड सलग दोन दिवस घालू नये. बर्फाच्या दिवसांत रस्त्यावरचे मीठ कातड्यात मुरते, तेव्हा घरी येताच ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. ओले बूट हीटरजवळ ठेवल्यास कातडे तडकते. कागद भरून हवेवर वाळू द्यावेत आणि मग मलम अगदी पातळ लावावे. शिवलेला तळ झिजला तर तो बदलून घेता येतो, आणि मूळ कलबुतावर चढवून बदलला तर बूट पुन्हा पहिल्यासारखा बसतो.

मात्झेलिगर यांनी आपल्या वाट्याचे काही समभाग नॉर्थ काँग्रिगेशनल चर्चच्या नावे ठेवले होते. १९०४ मध्ये चर्चने त्यांतून आपले कर्ज फेडले. १५ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांचे २९ सेंटचे तिकीट काढले. त्यांचा देह लिनच्या पाइन ग्रोव्ह दफनभूमीत विसावला आहे. बॉस्टनच्या परिसरात राहणाऱ्या आपल्या मंडळींना तेथवर जाण्यास तासभरही लागणार नाही.