‘इफ’ नसलेल्या मशीनकडून ‘इफ’ करून घेणारे स्ट्रॅची
लाटेकमध्ये डेरिव्हेटिव्हचा असा मॅक्रो लिहिता येतो, की 1 दिला तर घात लपतो, 2 दिला तर दिसतो. तिथे ‘इफ’ तयार मिळतं. ख्रिस्तोफर स्ट्रॅचींकडे ते नव्हतं.

1916 चा जन्म. हॅरो शाळेत शिकवतानाच त्यांनी कॉम्प्युटरला ड्राफ्ट्स खेळायला लावायचं ठरवलं. 1965 मध्ये त्यांनी जीपीएम हा मॅक्रो जनरेटर जगापुढे मांडला. त्यात ‘इफ’ला जागाच नाही! मग जुगाड: इनपुटचंच नाव घेऊन ‘नाहीतर’चं उत्तर ठेवायचं, लगेच अपेक्षित नावाने ‘जुळलं तर’चं, आणि शेवटी इनपुटच्या नावाने हाक मारायची. दोन्ही नावं एकच असली, की नंतरचं उत्तर मिळतं. भारीच ना? लिनक्सवरचा एम4 याच घराण्यातला.

छापायला देण्यात मात्र ते मागे. 1975 मध्ये 58 व्या वर्षी गेले. 1967 च्या त्यांच्या गाजलेल्या लेक्चर नोट्स जर्नलमध्ये आल्या थेट 2000 साली.