भास्कराचार्य आणि ओढणारी पृथ्वी



न्यूटनच्या आधी भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षण शोधलं, एवढं सांगून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. मीही अनेक वर्षं तेच सांगायचे. यंदा वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या शाळेत चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, की पृथ्वी चंद्राला ओढते, मग चंद्र पृथ्वीला ओढत नाही का? मी गडबडलेच. घरी जाऊन भास्कराचार्य पुन्हा वाचायला घेतले.

त्यांचा जन्म इ.स. १११४ चा. सह्याद्रीजवळचं विज्जलविड हे आपलं गाव, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पुढे ११८३ मध्ये ‘करणकुतूहल’ लिहिला, तेव्हा ते ६९ वर्षांचे होते!

गोलाध्यायात ते सांगतात, की पृथ्वीत ओढण्याची शक्ती आहे. आकाशातली जड वस्तू ती स्वतःकडे ओढते, म्हणून ती वस्तू पडल्यासारखी दिसते. मग पृथ्वी कुठं पडणार? तिच्या चहूबाजूंनी आकाश सारखंच आहे. पृथ्वीला खालून कशाचा तरी टेकू हवा, ही समजूत त्यांनी अशी खोडून काढली.

त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेव यांनी मठ काढला. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे.

पण ओढ दोन्हीकडून असते आणि ती वस्तुमानावर व अंतरावर ठरते, हा नियम न्यूटननं १६८७ मध्ये मांडला. दोघांचं श्रेय ज्याचं त्याला द्यावं. त्यानं भास्कराचार्य लहान होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मैदानावर सातवीतली एक मुलगी आणि पहिलीतली एक, अशी फुगडी लावली. थोरली जवळजवळ जागीच फिरली, धाकटीनं मोठा फेरा घेतला. पण हात दोघींचेही ताणले होते! पृथ्वी-चंद्राचं तसंच. पृथ्वीचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे ८१ पट, म्हणून दोघं ज्या बिंदूभोवती फिरतात तो पृथ्वीच्या पोटातच येतो, केंद्रापासून साधारण ४,७०० किलोमीटरवर.

प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, की म्हणजे चंद्रही ओढतो, पण पृथ्वी जड असल्यानं थोडीच हलते. मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

भास्कराचार्य शिकवाल तेव्हा ही फुगडी जरूर घ्या.