अष्टकोनामागचा माणूस : सेसिल किंबर

भारतीय रस्त्यांवर २०१९ पासून धावू लागलेल्या ‘हेक्टर’ मोटारीच्या दर्शनी भागावरील ‘एमजी’ हे अष्टकोनी चिन्ह आता शहरी वाचकाच्या चांगलेच परिचयाचे झाले आहे. ही दोन अक्षरे ऑक्सफर्डमधील ‘मॉरिस गॅरेजेस’ या मोटारविक्री आणि दुरुस्तीच्या पेढीची आहेत, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्या पेढीचे नाव जगभर पोहोचवणारे सेसिल किंबर तर आणखीच विस्मृतीत गेले. अपवाद एकाच वर्गाचा. जुन्या एमजी स्पोर्ट्स कार कारखान्यातून निघाल्या त्या रूपात पुन्हा उभ्या करण्यासाठी वर्षानुवर्षे खपणारी मंडळी किंबर यांच्या काळातील स्क्रूसुद्धा बदलू देत नाहीत. यातला विरोधाभास असा, की ज्या मोटारींच्या अस्सलपणासाठी एवढा आटापिटा चालतो, त्या मुळात बव्हंशी दुसऱ्यांच्या सुट्या भागांतून जन्मल्या होत्या.

किंबर यांचा जन्म १२ एप्रिल १८८८ रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांचा छपाईच्या शाईचा व्यवसाय होता. कुटुंब पुढे मँचेस्टर परिसरात गेले. तरुण वयात मोटारसायकलच्या अपघातात किंबर यांचा उजवा पाय गंभीर जखमी झाला. अनेक शस्त्रक्रियांनंतर तो वाचला, पण कायमचा आखूड राहिला. नुकसानभरपाईच्या रकमेतून त्यांनी सिंगर मोटार घेतली. डबघाईला आलेल्या घरच्या धंद्यात हे पैसे घालावेत, अशी वडिलांची अपेक्षा होती. मुलाने नकार दिला आणि पितापुत्रांत कायमचा दुरावा निर्माण झाला. त्यानंतर शेफिल्ड-सिंप्लेक्स, एसी, रिग्ली अशा कंपन्यांत उमेदवारी करीत १९२१ मध्ये ते मॉरिस गॅरेजेसचे विक्री व्यवस्थापक झाले. पुढच्याच वर्षी पेढीचा संपूर्ण कारभार त्यांच्या हाती आला.

पेढीचे मालक विल्यम मॉरिस, म्हणजेच पुढचे लॉर्ड नफील्ड, सामान्य ग्राहकाला परवडणाऱ्या साध्या मोटारी बनवीत. किंबर यांना त्याच मोटारीत वेगळेच काही दिसले. मॉरिसचा सांगाडा थोडा खाली घ्यायचा, स्टिअरिंग कलते करायचे, वर हलकी देखणी बॉडी चढवायची आणि दोन रंगांत रंगवायची, असा त्यांचा खाक्या होता. अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. यंत्रांचे गणित पुढे एच. एन. चार्ल्स यांच्यासारखे अभियंते सांभाळीत. किंबर यांची नजर रेषेवर आणि प्रमाणबद्धतेवर असे. अष्टकोनाचे तर त्यांना वेडच होते. रेडिएटरपासून डॅशबोर्डवरील तबकड्यांच्या चौकटीपर्यंत तो कुठे ना कुठे डोकावतोच.

१९२५ च्या ईस्टरमध्ये ‘लँड्स एंड ट्रायल’ या खडतर स्पर्धेत त्यांनी स्वतः चालवून सुवर्णपदक मिळवलेली मोटार पुढे ‘ओल्ड नंबर वन’ म्हणून प्रसिद्धीस आली. १९२८ च्या ऑलिम्पिया प्रदर्शनात मांडलेली ‘एम टाइप मिजेट’ ही त्यांची खरी झेप. मॉरिस मायनरचा सांगाडा, ८४७ सीसीचे इंजिन, प्लायवूडवर कापड ताणून केलेली बॉडी आणि किंमत १७५ पौंड. स्पोर्ट्स कार म्हणजे धनिकांची चैन, हे समीकरण या चिमुकल्या गाडीने मोडले. तीन हजारांहून अधिक मिजेट विकल्या गेल्या. मागणी वाढताच किंबर यांनी १९२९ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी एका चामड्याच्या कारखान्याच्या आवारात बस्तान हलवले. तिथला दूरध्वनी क्रमांक होता २५१. नव्या मॉडेलच्या पहिल्या गाडीला ०२५१ हा सांगाडा-क्रमांक देण्याची एमजीची प्रथा त्यावरूनच पडली.

पुढची पाच-सहा वर्षे वैभवाची. १९३१ मध्ये जॉर्ज आयस्टन यांनी ७५० सीसीच्या एमजीने ताशी शंभर मैलांचा टप्पा ओलांडला. १९३३ मध्ये ‘के-थ्री मॅग्नेट’ गाड्यांनी इटलीतील मिले मिलिया शर्यतीत आपल्या गटाचे विजेतेपद आणि सांघिक पारितोषिक मिळवले. त्याच वर्षी तात्सिओ नुवोलारी या दिग्गजाने अल्स्टरमधील टुरिस्ट ट्रॉफी एमजीतूनच जिंकली. मात्र हिशेबाच्या वहीत या विजयांना फारसे मोल नव्हते. १९३५ मध्ये नफील्ड यांनी आपल्या वैयक्तिक मालकीची ही कंपनी मॉरिस मोटर्सला विकली. शर्यतींचा विभाग बंद झाला. लिओनार्ड लॉर्ड हे व्यवस्थापकीय संचालक म्हणून आले आणि किंबर त्यांच्या हाताखालचे अधिकारी झाले. पुढच्या गाड्यांत समूहाचेच भाग अधिकाधिक वापरावेत, असे ठरले. १९३६ ची ‘टीए’ ही त्याची पहिली निष्पत्ती. जुने चाहते नाराज झाले, गाडी मात्र खपली. बंधनांतही किंबर यांनी तिची रेषा बिघडू दिली नाही, हे त्यांच्या कारकिर्दीतील दुर्लक्षित यश म्हणावे लागेल.

युद्ध सुरू झाले आणि मोटारींचे उत्पादन थांबले. रिकाम्या कारखान्याला समूहाकडून पुरेसे काम येईना. तेव्हा किंबर यांनी स्वतःच धडपड करून ‘आल्बेमार्ल’ या बॉम्बफेकी विमानाच्या अग्रभागाचे काम मिळवले. मुख्यालयाला न विचारता ते घेतले, हा ठपका त्यांच्यावर आला आणि १९४१ च्या अखेरीस माइल्स थॉमस यांनी त्यांना राजीनामा देण्यास सांगितले. कामगारांना उपाशी बसू न देणारा व्यवस्थापक शिस्तभंगाच्या कारणावरून घालवण्यात आला. नियमावर बोट ठेवायचे तर निर्णय बरोबर होता. न्यायाच्या कसोटीवर तो टिकत नाही.

त्यानंतर किंबर यांनी इतर कंपन्यांत युद्धसाहित्याचे काम केले. ४ फेब्रुवारी १९४५ च्या रविवारी संध्याकाळी ते पिस्टन बनवणाऱ्या कंपनीच्या कामासाठी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून पीटरबरोला निघाले. स्थानकालगतच्या बोगद्यातील चढावर नव्याने टाकलेल्या रुळांवर इंजिनाची चाके घसरू लागली. अंधारात चालकाच्या लक्षात येण्यापूर्वीच गाडी मागे सरकू लागली. शेवटचा डबा रुळांवरून घसरून सिग्नलच्या कमानीवर आदळला. दोन प्रवासी दगावले. त्यांतले एक किंबर होते. त्यांचे वय ५६ वर्षांचे होते.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ॲबिंग्डनमधून ‘टीसी’ बाहेर पडू लागली. किंबर यांच्या काळातील ‘टीबी’ हीच थोडी रुंद करून बनवलेली. १९४९ पर्यंत दहा हजार टीसी तयार झाल्या. त्यांतील सुमारे दोन हजार थेट अमेरिकेत गेल्या आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगनिशीच तिथल्या तरुणांना ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे वेड लावून गेल्या.

मूळ रूपात आणण्यासाठी आज सर्वाधिक धडपड होते ती याच घराण्यातील गाड्यांसाठी. काम सोपे नाही. बाहेरून पोलादी दिसणाऱ्या बॉडीचा आतला सांगाडा अॅश लाकडाचा असतो. तो कुजला की दारे लोंबू लागतात, आणि एकेक सांधा मूळ मापाने नव्याने घडवावा लागतो. इंजिनाचे बोल्ट नवख्याला हमखास चकवतात. पान्याला व्हिटवर्थ मापाचे डोके, पण आटे मात्र मेट्रिक! मॉरिस यांनी १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, तेव्हा मेट्रिक आट्यांची यंत्रेही सोबत आली. ती बदलण्याऐवजी ब्रिटिश गॅरेजांतील पाने चालावेत एवढ्यासाठी बोल्टची डोकी तेवढी देशी ठेवण्यात आली. दुकानात सहज मिळणारा बोल्ट बसवला तर गाडी धावेल, पण जाणकार परीक्षक तो क्षणात ओळखतो. सांगाड्यावरचा क्रमांक आणि इंजिनावरची अष्टकोनी पितळी पाटी कारखान्याच्या नोंदींशी जुळली, तर त्या गाडीचे मोल वेगळेच.

खुद्द ‘ओल्ड नंबर वन’ची कथा या कसोटीवर तपासण्यासारखी आहे. स्पर्धेनंतर किंबर यांनी ती तीनशे पौंडांना विकून टाकली होती. काही वर्षांनी ती भंगारात सापडली आणि कारखान्याने पंधरा पौंडांना परत मिळवली. तिचे नावही काटेकोरपणे पाहता चुकीचे, कारण तिच्याआधी एमजीच्या गाड्या विकल्या गेल्या होत्या. मूळच्या राखाडी रंगावर पुढे लाल रंग चढला. त्याच लाल रंगात ती गेडन येथील ब्रिटिश मोटार संग्रहालयात पाहायला मिळते. ॲबिंग्डनचा कारखाना ऑक्टोबर १९८० मध्ये बंद झाला. त्याच गावात १९३० साली स्थापन झालेल्या एमजी कार क्लबचे मुख्यालय असून, त्या वास्तूला किंबर हाउस असे नाव देण्यात आले आहे.