रांगेतल्या शेवटच्याचा वाली : डायक्स्ट्रा

सुपरफास्टला वाट देण्यासाठी दौंड जंक्शनवर मालगाडी बाजूच्या रुळावर उभी करतात. सीपीयूचंही तसंच. प्रोसेस अनेक, रूळ एकच. पण मागून सुपरफास्ट येतच राहिल्या, तर मालगाडीने करायचं काय? या प्रश्नाशी झुंजलेल्या माणसाचं नाव ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरमुळे आपल्याला पाठ आहे. एड्सगर डायक्स्ट्रा.

जन्म ११ मे १९३०, नेदरलँड्समधील रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणिती. भौतिकशास्त्र शिकता शिकता १९५२ मध्ये ते अॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून लागले. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी प्रोग्रामर हा व्यवसाय सांगितला, तर असा धंदाच नसतो म्हणून तो नामंजूर झाला! शेवटी भौतिकशास्त्रज्ञ लिहावं लागलं. गंमत म्हणजे शॉर्टेस्ट पाथचा अल्गोरिदम त्यांनी १९५६ मध्येच, कॅफेत कॉफी पिता पिता, वीस मिनिटांत मनातल्या मनात रचला होता.

१९६२ मध्ये ते आइंडहोवनच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक झाले. तिथे छोट्या चमूला घेऊन त्यांनी टीएचई ही मल्टिप्रोग्रॅमिंग सिस्टिम बांधली; तिच्यावरचा निबंध १९६८ मध्ये आला. तिच्या अगदी खालच्या थराचं काम प्रोसेसर वाटून देण्याचं. कुणी एकाने प्रोसेसर अडवून बसू नये म्हणून घड्याळाचा इंटरप्ट, आणि घाईच्या कामाला लवकर उत्तर मिळावं म्हणून प्रायॉरिटीचा नियम. प्रोसेसना थांबवणाऱ्या-सोडणाऱ्या खुणेला त्यांनी नाव दिलं सेमाफोर. रेल्वेचा हात-सिग्नल तो हाच!

१९६५ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेत एक प्रश्न घातला. त्याचंच पुढे जेवणाऱ्या पाच तत्त्वज्ञांचं कोडं झालं. काटे पाच, आणि जेवायला प्रत्येकाला दोन हवेत. शेजारचे दोघे आळीपाळीने जेवत राहिले, तर मधला उपाशीच मरणार. सिस्टिम हँग झालेली नसते, काम जोरात चालू असतं. फक्त त्या एकाचा नंबर लागत नाही. यालाच आपण स्टार्व्हेशन म्हणतो.

त्यावरचा एक उतारा म्हणजे चालू प्रोसेसची प्रायॉरिटी आपोआप बदलत ठेवणं. अमेरिकेत कॉर्बाटो यांच्या सीटीएसएसमध्ये १९६२ मध्येच जास्त वेळ खाणारा प्रोग्राम आपोआप खालच्या रांगेत ढकलला जाई. एजिंगमध्ये उलट, ताटकळणाऱ्याची प्रायॉरिटी हळूहळू वाढत जाते. विंडोजही काही सेकंद खोळंबलेल्या थ्रेडला तात्पुरतं वर उचलतं. इथे वशिला लागत नाही. किती वेळ वाट पाहिली, हाच वशिला.

१९७२ मध्ये डायक्स्ट्रांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ ते १९९९ ते ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात शिकवत होते. संगणकशास्त्रातला हा दिग्गज लिहायचा मात्र फाउंटन पेनने. त्यांची तेराशेहून जास्त टिपणं आहेत. ६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनेन येथे कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

सिस्टिम वेगवान आहे का, हे कुणीही मोजेल. तिच्यात शेवटच्याचाही नंबर लागतो का, हे तपासायला डायक्स्ट्रांनी शिकवलं.